माडास खत: किती, कोठे आणि किती वर्षे?

कोकणपट्टीत व गोव्यात माडाला कल्पवृक्ष म्हणण्याची जुनी रीत आहे. शहाळे, नारळ, तेल, काथ्या, झावळ्या, सरपण अशी त्याच्या देण्याची यादी कोणीही शेतकरी बोटांवर मोजून दाखवील. परंतु त्याच माडाला गेल्या वर्षी आपण काय दिले, असे विचारले असता बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते ते एवढेच की, पावसाळ्यापूर्वी आळे साफ केले आणि उरलेसुरले शेण टाकले. आंब्याच्या कलमाला हौसेने खत घालणारा बागाईतदारही माडाच्या बाबतीत मात्र ‘तो आपला आपण वाढतो’ अशा समजुतीने वागतो. माड आपला आपण वाढतो हे खरे. पण आपला आपण भरघोस फळत नाही.

माडास किती खत घालावे याची माहिती आता दुर्मिळ राहिलेली नाही. गावोगावच्या सभांतून व पत्रकांतून ती सांगितली जाते. तरीही खत सुरू करणाऱ्यांपैकी पुष्कळजण एक-दोन वर्षांतच ते बंद करतात. असे का होते, याचा विचार केल्यावाचून नुसते खताचे आकडे सांगण्याने काही साधणार नाही, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. यास्तव या पाठात खताच्या मात्रेबरोबरच खत किती वर्षे द्यावयाचे आणि त्याचा परिणाम केव्हा पाहावयाचा, याचाही विचार केला आहे.

एक अनुभव

सुमारे दहा वर्षांपूर्वी, मी सेवेत नवीन असताना, रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकाठच्या एका गावी एका वृद्ध बागाईतदारांकडे माझे जाणे होत असे. त्यांची चाळीस माडांची वाडी होती. माझ्या सांगण्यावरून त्यांनी जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारी असे तिन्ही हप्ते वेळेवर दिले, पैसे खर्च केले, अंगमेहनतही केली. पुढच्या मे महिन्यात पाडेली माडावर चढला तेव्हा त्यांनी नारळ मोजून घेतले. आदल्या वर्षाइतकेच भरले. मी भेटावयास गेलो तेव्हा ते म्हणाले, “साहेब, खत माडाने खाल्ले खरे, पण माड काही बोलला नाही.” त्या वर्षापासून त्यांनी खत बंद केले.

पुढील दोन वर्षे त्यांच्या वाडीत नारळ चांगले आले. ते त्यांनी चांगल्या पावसाच्या खात्यावर जमा केले. त्यानंतर उत्पन्न पुन्हा उतरले, तेव्हा माडांना काही रोग झाला असावा असे वाटून त्यांनी मला बोलावले. मी सर्व माड पाहिले. रोग कोठेच नव्हता. होती ती फक्त भूक. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की, चूक त्यांची नसून माझी होती. किती खत घालावे आणि केव्हा घालावे हे मी त्यांना सांगितले होते. उत्तर केव्हा येईल हे मात्र सांगितले नव्हते. मे महिन्यात त्यांनी जे नारळ मोजले, ते पहिले खत पडण्यापूर्वीच उमललेल्या पोयींचे होते.

माडाच्या शेंड्यात काय चालते?

भात, नाचणी किंवा भाजीपाला यांना दिलेल्या खताचा परिणाम त्याच हंगामात दिसतो. माडाची गोष्ट वेगळी आहे. चांगल्या पोसलेल्या माडाला महिन्याला साधारण एक नवी झावळी फुटते आणि प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय असते. म्हणजे वर्षाला सुमारे 12 झावळ्या व 12 पोयी हा निरोगी माडाचा हिशेब होय. परंतु पोय आपल्या डोळ्यांना दिसू लागते त्याच्या फार पूर्वी तिची जडणघडण शेंड्याच्या गाभ्यात सुरू झालेली असते. पोयीचा अगदी पहिला अंकुर ती उमलण्याच्या सुमारे 32 महिने आधी धरतो. त्यानंतर तिला फाटे फुटतात आणि शेवटच्या टप्प्यात मादी फुले तयार होतात. पोय उमलल्यापासून नारळ पक्का होईपर्यंत आणखी सुमारे 12 महिने जातात. एकूण 44 महिने, म्हणजे 3 वर्षे 8 महिने.

याचा अर्थ असा की, आज आपण माडाकडे वर पाहतो तेव्हा लोंबणारे सुमारे 12 घड आपल्याला दिसतात. पण गाभ्यात न दिसणाऱ्या तीसएक पोयी लहानमोठ्या अवस्थांत वाढत असतात. आज घातलेल्या खताचा वाटा या सर्वांना मिळतो, परंतु प्रत्येकीला निराळ्या वयात मिळतो. लोंबणाऱ्या घडांना त्याचा लाभ थोडाच. त्यांची संख्या ठरून गेलेली असते, फार तर फळगळ कमी होते व नारळ भरतो. ज्या पोयींत अद्याप मादी फुले धरावयाची आहेत, त्यांना लाभ अधिक. आणि ज्यांचा अंकुर नुकताच धरला आहे, त्यांना पूर्ण लाभ. पण त्यांचे नारळ हाती येण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ जावा लागतो.

यावरून परिणामाचा क्रम ध्यानात येईल. खत सुरू केल्यावर काही महिन्यांत नव्या झावळ्यांचा रंग सुधारतो. एक ते दीड वर्षात पोयींवरील मादी फुले वाढू लागतात. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपासून नारळांच्या संख्येत फरक पडू लागतो आणि पूर्ण परिणाम तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसतो. खत बंद केल्यावर उत्पन्नही लगेच खाली येत नाही. तेही याच क्रमाने, मागाहून उतरते. त्यामुळे खत घालणे आणि नारळ वाढणे, किंवा खत सोडणे आणि नारळ घटणे, यांचा संबंध शेतकऱ्याच्या नजरेतून निसटतो.

माडाची भूक कशी ओळखावी?

माडाचे खोड हीच त्याची जमाखर्चाची वही होय. आंबा किंवा फणस यांचे खोड दरवर्षी जाड होत जाते. माडाचे खोड एकदा तयार झाले की मागाहून जाड होत नाही. म्हणून ज्या वर्षांत माड उपाशी राहिला किंवा पाण्यावाचून तळमळला, त्या वर्षांतील खोडाचा भाग बारीक राहतो तो कायमचा. खोडावर गळलेल्या झावळ्यांच्या खुणा असतात. त्या दोन-तीन ठिकाणी तपासून पाहाव्यात. जेथे त्या एकमेकींस अगदी चिकटलेल्या आणि खोड आवळलेले दिसेल, तेथे माडाचे वाईट दिवस होते असे समजावे. खोड शेंड्याकडे पेन्सिलीच्या टोकासारखे निमुळते होत चालले असेल, तर ते वाईट दिवस आजही चालू आहेत.

झावळ्यांवरूनही बरेच कळते. चांगल्या माडाच्या डोक्यावर तीसच्या वर हिरव्या झावळ्या असतात. सगळ्याच झावळ्या फिक्या पडल्या असतील तर नत्राची उणीव मानावी. खालच्या, जुन्या झावळ्यांच्या पात्यांवर पिवळट-नारिंगी ठिपके पडून टोके व कडा करपू लागल्या, तर पालाश कमी पडत आहे. जुन्या झावळ्या पिवळ्या पडूनही पात्याचा मधल्या शिरेजवळचा भाग हिरवा राहत असेल, तर मॅग्नेशियमची शंका घ्यावी. नवी झावळी आखूड, चुरगळलेली व पाती एकमेकींस चिकटलेली निघाली, तर बोरॉनचा विचार करावा. मात्र बोरॉन अल्प प्रमाणातच लागते आणि अधिक झाल्यास अपाय करते; म्हणून ते माती परीक्षणानंतर व जाणकाराच्या सल्ल्यानेच द्यावे.

किती खत द्यावे?

माड जमिनीतून सर्वांत अधिक ओढून घेतो तो पालाश; त्याखालोखाल नत्र; स्फुरद त्या मानाने कमी. पालाशाचा मोठा वाटा नारळाच्या सोडणात असतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. नारळासोबत सोडणही बाजारात गेले की वाडीतील पालाश तितकाच बाहेर गेला असे समजावे.

कोकणासाठी केलेल्या शिफारशीप्रमाणे पाच वर्षांच्या व त्यापुढील प्रत्येक माडास वर्षाला 50 किलो चांगले कुजलेले शेणखत, 1 किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद व 1 किलो पालाश द्यावा. बाजारात मिळणाऱ्या खतांच्या भाषेत हे प्रमाण सुमारे सव्वादोन किलो युरिया, 3 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो 700 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश असे होते. लहान माडास वयाच्या मानाने पुढीलप्रमाणे द्यावे.

पहिले वर्ष: शेणखत 10 किलो, युरिया 450 ग्रॅम, सुपर फॉस्फेट 600 ग्रॅम, पोटॅश 340 ग्रॅम.
दुसरे वर्ष: शेणखत 20 किलो, युरिया 900 ग्रॅम, सुपर फॉस्फेट 1 किलो 200 ग्रॅम, पोटॅश 680 ग्रॅम.
तिसरे वर्ष: शेणखत 30 किलो, युरिया 1 किलो 350 ग्रॅम, सुपर फॉस्फेट 1 किलो 800 ग्रॅम, पोटॅश 1 किलो 20 ग्रॅम.
चौथे वर्ष: शेणखत 40 किलो, युरिया 1 किलो 800 ग्रॅम, सुपर फॉस्फेट 2 किलो 400 ग्रॅम, पोटॅश 1 किलो 360 ग्रॅम.
पाचव्या वर्षापासून: वर सांगितलेली पूर्ण मात्रा.

पूर्ण मात्रेचा खर्च एकदम झेपत नसेल, तर चाळीस माडांना चिमूटचिमूट खत वाटण्याऐवजी दहा निवडक माडांना पूर्ण खत द्यावे आणि तेच दहा माड तीन वर्षे सोडू नयेत. त्यांच्या वाढीव उत्पन्नातून पुढील माडांकडे वळता येते.

केव्हा द्यावे?

शेणखत व सुपर फॉस्फेट जूनमध्ये एकाच वेळी द्यावे. युरिया व पोटॅश यांचे तीन समान हप्ते करून जून, ऑक्टोबर व फेब्रुवारी या महिन्यांत द्यावे. पूर्ण वाढलेल्या माडासाठी प्रत्येक हप्त्यास 750 ग्रॅम युरिया व सुमारे 570 ग्रॅम पोटॅश येते. हप्ते पाडण्याचे कारण उघड आहे. कोकणातील मुसळधार पावसात आणि जांभ्याच्या किंवा रेताड जमिनीत युरिया व पोटॅश पाण्याबरोबर झपाट्याने खाली वाहून जातात. वर्षाचे खत जूनमध्येच एकदम ओतणारा शेतकरी माडापेक्षा ओढ्यालाच अधिक खत घालतो. जूनचा हप्ताही पहिल्या पावसाने जमीन भिजल्यानंतर, पण संततधार लागण्यापूर्वी द्यावा.

फेब्रुवारीचा हप्ता पाण्याची सोय असेल तेथेच द्यावा. कोरड्या मातीत पडलेले खत मुळांना मिळत नाही.

कोठे व कसे द्यावे?

पुष्कळ ठिकाणी खत माडाच्या बुंध्याशी ओतलेले दिसते. माडाला सोटमूळ नसते. बुंध्यापासून बोटाएवढ्या जाडीची असंख्य मुळे चहूकडे पसरतात. या मुळांचा जुना भाग तांबूस, टणक असतो व तो अन्न शोषीत नाही. शोषण होते ते टोकामागच्या पांढऱ्या, कोवळ्या भागातून. अशी कार्यक्षम मुळे बहुतांशी बुंध्यापासून दोन मीटरच्या आतबाहेर असतात. सबब बुंध्याला खेटून ओतलेले खत मुळांच्या तोंडी लागत नाही; वाहून मात्र जाते.

पूर्ण वाढलेल्या माडाभोवती सुमारे 1.8 मीटर त्रिज्येचे आळे करावे. बुंध्याजवळची हातभर जागा सोडून उरलेल्या गोलात खत सारखे पसरावे व हलक्या हाताने मातीत मिसळून वर माती ओढावी. खोल खणून मुळे तोडू नयेत. जमीन उताराची असेल तर आळ्याची खालची कड उंच ठेवावी. लहान रोपांची आळी लहान ठेवून वयाबरोबर वाढवीत न्यावीत. उन्हाळ्यात आळ्यावर पालापाचोळा किंवा झावळ्यांचे आच्छादन केल्यास ओल टिकते.

घरची खते

रासायनिक खतांच्या जोडीला वाडीतीलच पुष्कळ वस्तू उपयोगी पडतात.

शेणखत घालताना ते पूर्ण कुजलेले आहे याची खात्री करावी. कच्च्या शेणात व उकिरड्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात आणि हाच भुंगा माडाचा कोवळा पोगा पोखरतो. कच्चे शेण आळ्यात घालणे म्हणजे चोराला घरात आणून बसविणे होय. उकिरडा वेळोवेळी खाली-वर करून सापडतील तेवढ्या अळ्या नष्ट कराव्यात.

चुलीच्या राखेत पालाश असतो, परंतु ती पावसात उघडी पडल्यास तो वाहून जातो. राख कोरड्या जागी साठवावी. ती शेणात किंवा युरियात मिसळू नये. तसे केल्याने नत्र वायुरूपाने उडून जाते. दोन्ही देण्यात काही दिवसांचे अंतर ठेवावे.

सोडणे बाहेर ढिगाने भिजत ठेवू नयेत. आळ्याच्या कडेने चर खणून त्यांत सोडणाची पोकळ बाजू वर येईल अशा रीतीने थर लावावेत व माती लोटावी. त्यांतील पालाश माडाला परत मिळतो व पावसाचे पाणीही धरून राहते.

आळ्यात जूनमध्ये ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी मातीत गाडावा. कुंपणाला गिरिपुष्प लावल्यास त्याचा पालाही दरवर्षी हाताशी राहतो.

मिठाविषयी नेहमी विचारणा होते. माड लावताना खड्ड्यात मीठ घालण्याची वाडवडिलांची चाल निरर्थक नाही. मिठातील क्लोरीन हे माडाला लागणारे द्रव्य आहे, असे संशोधनाने दाखविले आहे. परंतु म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये जवळजवळ निम्मे वजन क्लोरीनचेच असते आणि समुद्रकाठच्या वाऱ्यातूनही क्षार येतात. म्हणून जो पोटॅश घालतो त्याला निराळे मीठ घालण्याचे कारण नाही; आणि मिठात नत्र, स्फुरद वा पालाश नसल्यामुळे मीठ घातले म्हणजे खत घातले असेही होत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी माडास खत देण्याचा सल्ला देताना पहिल्याच दिवशी तीन वर्षांची गोष्ट बोलावी. एका वर्षात फरक दिसेल असे आश्वासन कधीही देऊ नये. असे आश्वासन खोटे ठरते आणि त्याबरोबर पुढील प्रत्येक सल्लाही खोटा ठरतो.

शेतकऱ्याच्या वाडीत सारख्या वयाचे व सारख्या अवस्थेचे बारा माड निवडावेत. दहा माडांना पूर्ण खत द्यावे व दोन माड ताडून पाहण्यासाठी पूर्वीच्याच रीतीने ठेवावेत. बाराही माडांवर रंगाने क्रमांक घालावेत. एका साध्या वहीत प्रत्येक माडाच्या नावे हिरव्या झावळ्यांची संख्या, नव्या पोयीवरील मादी फुले, गळालेली कोवळी फळे व प्रत्येक पाडणीचे नारळ नोंदवावेत. वही शेतकऱ्याच्या घरी असावी आणि नोंद त्याच्या अगर त्याच्या घरच्या मंडळींच्या हातची असावी. घरातील शाळकरी मुले हे काम आवडीने करतात.

अशा वहीचा मोठा उपयोग म्हणजे नारळ वाढण्यापूर्वीच्या खुणा शेतकऱ्यास दिसू लागतात. पहिल्या वर्षी तो नारळ मोजतो तेव्हा निराश होतो. पण झावळ्यांचा रंग आणि दुसऱ्या वर्षीच्या पोयीवरील मादी फुले मोजतो तेव्हा त्याला येणाऱ्या पिकाची चाहूल लागते. शिवाय पाऊस सर्व बाराही माडांवर सारखाच पडतो. दहा माड वाढले व दोन तसेच राहिले, म्हणजे श्रेय पावसाचे की खताचे हा वाद उरत नाही.

वर सांगितलेल्या वृद्ध बागाईतदारांकडे मी पुन्हा गेलो तो अशी एक वही घेऊन. झाल्या चुकीची कबुली दिली आणि त्यांना त्यांच्याच माडांच्या खोडावरील खुणा दाखविल्या. त्यांनी खोडावरून हात फिरविला आणि एका आवळलेल्या जागी थांबून म्हणाले, “हे माझ्या आजारपणाचे वर्ष. वाडीत पाणी लावायला कोणी नव्हते.” त्यानंतर त्यांना अधिक काही सांगावे लागले नाही. त्यांनी दहा माडांना खत सुरू केले. चौथ्या वर्षी ती वही त्यांनीच शेजारच्या वाडीत नेऊन दाखविली.

सारांश

1. पाच वर्षांपुढील माडास वर्षाला 50 किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, 3 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो 700 ग्रॅम पोटॅश द्यावा.
2. युरिया व पोटॅश जून, ऑक्टोबर व फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत द्यावे. शेणखत व सुपर फॉस्फेट जूनमध्ये द्यावे.
3. खत बुंध्याशी न ओतता 1.8 मीटर त्रिज्येच्या आळ्यात पसरून मातीत मिसळावे.
4. शेणखत कुजलेलेच घालावे. राख व युरिया एकत्र करू नयेत. सोडणे आळ्यात पुरावीत.
5. पोयीचा अंकुर धरल्यापासून नारळ पक्का होईपर्यंत सुमारे 44 महिने लागतात. म्हणून निदान तीन वर्षे खंड न पाडता खत द्यावे व त्यानंतरच हिशेब करावा.

माड लावणारा पुष्कळदा नातवंडांसाठी लावतो आणि त्याला त्या थांबण्याचे काही वाटत नाही. त्याच माडाला खत घालताना मात्र पुढच्या मे महिन्यापर्यंत धीर निघत नाही. लावताना जो धीर धरला त्याचा थोडासा अंश पोसतानाही धरला, तर वाडीतील माड त्याचे उत्तर दिल्यावाचून राहणार नाही.